साखर कारखान्यातली नोकरी सोडून प्रोग्रामिंगमध्ये उतरावे का?

पोलब्रिक्स

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षे इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

वय २९, शिक्षण बी.एस्सी. रसायनशास्त्र. सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात लॅब केमिस्ट आहे. पहिली चार वर्षे हंगामी होतो, म्हणजे गाळप चालू असेतो पूर्ण पगार आणि कारखाना बंद झाला की रिटेन्शन अलाऊन्सवर, म्हणजे थोड्या भत्त्यावर, घरी. दोन वर्षांपूर्वी कायम झालो. घरी आई-वडील, बायको, चार वर्षांची मुलगी. दीड एकर रान आहे, त्यात ऊसच.

प्रोग्रामिंगची गोडी कामातूनच लागली. आमच्याकडे दर शिफ्टला प्रायमरी ज्यूस, मिक्स ज्यूस, सिरप, बगॅस (उसाचे चिपाड), प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ), मळी (साखर काढून उरलेला पाक) असे नमुने येतात. रस, सिरप, मळी यांचा ब्रिक्स (विरघळलेले एकूण घटक), पोल (त्यातली साखर) काढायचा, प्युरिटी (घटकांत साखर शेकडा किती) काढायची, रजिस्टरला लिहायची. सकाळी आठला चीफ केमिस्ट साहेबांच्या टेबलावर डीएमआर, म्हणजे दिवसाचा उत्पादन अहवाल, लागतो. बारा-आठची शिफ्ट असली की पहाटे पाचपासून कॅल्क्युलेटर घेऊन बसायचे, डोळ्यांवर झोप, आणि एखादा आकडा उलटा लिहिला गेला की पुढचे सगळे चुकत जायचे. तीन वर्षांपूर्वीच्या ऑफ सीझनला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले मराठी निवेदनाचे पाठ सापडले. तिथून सुरुवात केली आणि हळूहळू पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेवर आलो.

पहिल्यांदा एसजेएमचे सूत्र बसवले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: साखर, रस आणि मळी या तिघांच्या प्युरिटीवरून रसातली किती साखर पोत्यात येऊ शकते ते या सूत्राने निघते. साखर १००, रस ८३ आणि मळी ३० धरली तर उत्तर ९१ टक्क्यांच्या आसपास येते. ते उत्तर पडद्यावर आले आणि वहीतल्या आकड्याशी जुळले, तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. मी बायकोला उठवून दाखवले.

मग पूर्ण डीएमआरच बांधायला घेतला. एक चूक अकरा रात्री सापडेना. रोजच्या बेरजा जुळत, पण महिन्याची बेरीज दोन्ही टोकांना, पहिल्या आणि शेवटच्या दिवशी, चुके. शेवटी लक्षात आले की आमच्या कारखान्याचा दिवस सकाळी आठला बदलतो आणि संगणकाचा मध्यरात्री. रात्री दोनचा नमुना आदल्या तारखेत जायला हवा. रोजचा अहवाल मी हाताने ओढून जुळवत होतो, महिन्याचा मात्र संगणक त्याच्या तारखेने करत होता. हे सापडले त्या दिवशी मी शेतात पाणी पाजत होतो. दारे मोडायचे सोडून घरी पळत आलो.

गेल्या हंगामापासून लॅबचा अहवाल माझ्या प्रोग्रामवर निघतो.

आता प्रश्न. हंगाम आखडत चाललाय, मार्चमध्येच पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपते. मागच्या वर्षी पगार दोन महिने थकला होता. पुण्यातला मामेभाऊ म्हणतो, राजीनामा दे, सहा महिन्यांचा क्लास कर, नोकरीची हमी देतात. फी लाखाच्या वर आहे. बायको म्हणते, तुम्हाला पटेल ते करा, पण तिच्या चेहऱ्यावर काळजी दिसते. आणि मला वेगळीच भीती आहे. आत्ता बारा तास ड्युटी करून आलो तरी हे करायला बसावेसे वाटते. पोटासाठी करायला लागलो तर ही गोडी राहील का? ज्यांनी हा रस्ता चालून पाहिलाय, त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगा.

हिंजवडी_रोड

धागा दोनदा वाचला. दिवस सकाळी आठला बदलतो हे तुम्ही शोधलेत, ते खरे प्रोग्रामिंग आहे. तारखा आणि वेळा यांच्या चुका मी सोळा वर्षे दुरुस्त करतोय, त्यामुळे तो आनंद मला कळतो.

पण माझा दिवस कसा जातो तेही ऐका. नवीन कोड लिहिण्यात दिवसाचा दीड-दोन तास जातो. बाकी वेळ दुसऱ्याने सहा वर्षांपूर्वी लिहिलेले वाचण्यात, हे असे का केले असेल याचा अंदाज बांधण्यात, मीटिंगमध्ये, आणि ज्याला नेमके काय हवे ते स्वतःलाच माहीत नाही अशा माणसाकडून ते काढून घेण्यात. महिन्यातून एक आठवडा रात्रीचा फोन माझ्याकडे असतो. तुम्हाला बारा-आठची सवय आहे, म्हणून त्याची भीती घालत नाही.

बाजाराबद्दल. मोठ्या सेवा कंपन्यांत नवख्यांचा पगार वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास कित्येक वर्षे अडकून पडलाय. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२,००० माणसे कमी करायची घोषणा केली, आणि तशा घोषणा अजून थांबलेल्या नाहीत. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आले. त्यानंतर, आमच्याकडे नवीन मुलांना शिकण्यासाठी जी साधी कामे द्यायचो, ती आता यंत्राकडून करून घेतली जातात. माझ्या टीममध्ये दोन वर्षांत एकही फ्रेशर घेतला नाही. हे सांगताना मला वाईट वाटते, कारण मीही तसाच साध्या कामांतून शिकलो.

हमी देणाऱ्या क्लासच्या करारात हमी या शब्दाचा अर्थ काय लिहिलाय, ते सही करण्याआधी वाचा.

एक विचारतो. तुम्हाला नक्की काय आवडले? कोड लिहिणे, की डीएमआर बरोबर येणे?

कोयनाकाठ

मी हा रस्ता चाललेय. कराडची, बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र, आता सात वर्षे सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये.

सुरुवातीला मीही क्लासच लावला होता. ८५ हजार रुपये, बाबांच्या पीएफमधले. शेवटी नोकरी म्हणून जी मिळाली ती फोनवर त्याच क्लासचे प्रवेश विकायची होती. आठ दिवसांत सोडली आणि घरी सांगायला तीन महिने लागले. त्या क्लासमध्ये शिकवलेले सगळे खोटे नव्हते, पण माझ्यासारख्या वीस जणींना एकच रेझ्युमे आणि एकच प्रोजेक्ट देऊन पाठवत होते. समोरच्याने दुसरा प्रश्न विचारला की आम्ही गप्प.

नंतर सीईटी देऊन एमसीए केले. तेव्हा ते तीन वर्षांचे होते, २०२० पासून दोन वर्षांचे झाले. बारावीला किंवा पदवीला गणित असेल तर बी.एस्सी.वाल्याला करता येते. पदवीने ज्ञान किती मिळते हा वेगळा विषय, पण अर्ज चाळणारे पहिला दगड पदवीचाच ठेवतात. त्यावरून पाय टाकल्याशिवाय तुमचा डीएमआर कोणी बघणारच नाही.

गोडी राहील का या भीतीबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचेय. माझ्या आईने चाळीस वर्षे शिवणकाम केले. तिला कोणी विचारले नाही की गोडी आहे का. मला टेस्टिंगचे वेड नाही, पण मी ते चोख करते, त्यावर भावाचे शिक्षण झाले, आणि संध्याकाळी सात नंतर मी माझी असते. काम आवडलेच पाहिजे हा हट्ट धरलात तर चांगली संधीही नाकाराल.

अनुस्वार

कोयनाकाठ ताईंचा मुद्दा पटतो, पण मी दुसऱ्या काठावरून बोलतो. बँकेत अधिकारी आहे, वय ५४, आणि प्रोग्रामिंग हा माझा चाळीस वर्षांचा छंद.

१९८४ मध्ये केंद्र सरकारने क्लास नावाची योजना आणली, त्यातून काही शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. आमच्या शाळेला दोन मिळाले. सर चप्पल बाहेर काढायला लावायचे. तिथे बेसिक या संगणकाच्या भाषेत पाढे छापले, ती ओढ अजून सुटली नाही. बँकेत संगणकीकरण झाले तेव्हा मला त्या विभागात ये म्हणून विचारले होते. मी नको म्हणालो. भीती तुमचीच होती, पोलब्रिक्स.

मी काय करतो? मराठी शब्दयाद्या. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे शब्द संगणकाने वेगळे ओळखावेत, 'क्ष' आणि 'ज्ञ' कोशाच्या क्रमात नीट लागावेत, जोडाक्षराच्या मधोमध शब्द तुटू नये, असल्या गोष्टी. मराठी विकिपीडियावरचे काही साचे दुरुस्त करतो. एका र्‍हस्व-दीर्घाच्या नियमावर मी पूर्ण एक पावसाळा घालवला. कोणी तारीख मागितली नाही, कोणी घाई केली नाही. हे सुख पगारी माणसाला मिळत नाही.

पण त्याची दुसरी बाजूही तुम्हाला कळायला हवी. कोणी वाट बघत नसेल तर काम अर्धवट राहते. माझ्याकडे नऊ अपुरे प्रोग्राम आहेत. त्यातला एक, जुन्या मोडीच्या सरावाचा, पूर्ण झाला असता तर पुष्कळांच्या उपयोगी पडला असता. जिथे कुणाला तरी सकाळी आठला त्याची गरज होती, तेवढेच पूर्ण झाले. तुमच्या प्रोग्रामची सकाळी आठला वाट बघणारा माणूस आहे. ते भाग्य सोडताना नीट विचार करा.

दुपारचा_चहा

माझ्या नवऱ्याने ३१व्या वर्षी असाच निर्णय घेतला होता, म्हणून लिहिते. त्यांना वर्षभराने नोकरी लागली, आज बरे चाललेय. पण ते वर्ष मी कसे काढले ते त्यांना तिसऱ्या वर्षी कळले. मंगळसूत्र ठेवून घरभाडे भरले होते. दादा, वहिनी "तुम्हाला पटेल ते करा" म्हणाल्या, त्याला होकार समजू नका. कागद घेऊन दोघे बसा. किती महिने पगाराशिवाय निघतील, मुलीची फी कुठून, सासूबाईंची औषधे कुठून, हे आकडे त्यांच्या हाताने लिहू द्या.

गव्हाण

भावा, मी बी साखरेतलाच. कोल्हापूरकडं इन्स्ट्रुमेंटेशनला हाय, १८ हंगाम झाले. सरळ इचारतो. तू चार दिवस रजेवर गेलास तर तुझा प्रोग्राम कोण चालवतंय?

आनि दुसरं. कारखान्यांना सॉफ्टवेअर इकणाऱ्या कंपन्या हायत. वजनकाटा, ऊस नोंद, तोडणी-वाहतूक बिलं, डिस्टिलरी, समदं इकत्यात. त्यांची पोरं येत्यात, हुशार असत्यात, पन पोल आनि ब्रिक्समधला फरक तिसऱ्यांदा सांगावा लागतोय. आनि आमची मान्सं त्यांना काय पायजे ते सांगू शकत न्हाईत. मधी उभा ऱ्हानारा मानूस कुनाकडंच न्हाई. तू पुन्याला जाऊन हजारातला एक होशील. हितं मात्र तुझ्यासारखा मला दुसरा ठावं न्हाई.

पोलब्रिक्स

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस शिफ्ट बदलत होती म्हणून उशीर झाला.

गव्हाण दादा, तुमचा प्रश्न वर्मी लागला. डिसेंबरात मुलीला ताप होता, चार दिवस रजा घेतली. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम बंद पडला. गाळप तांत्रिक कारणाने काही तास थांबले होते, त्या रकान्यात शून्य गेले आणि मी शून्याने भागाकार होईल हे धरलेच नव्हते. सहकाऱ्याने उघडून पाहिले, पण त्यातली नावे a1, a2, temp अशी. त्याला काहीच कळले नाही. सगळे परत रजिस्टरवर आले. मी परतल्यावर कोणी बोलले नाही, पण साहेबांनी एवढेच विचारले, "हे कुठे लिहून ठेवलंय का?" लिहून ठेवले नव्हते.

हिंजवडी दादा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला अजून देता येत नाही. दोन्ही आवडले असे वाटते.

दुपारचा_चहा ताई, काल रात्री आम्ही कागद घेऊन बसलो. पाच महिने निघतात. सहावा निघत नाही. बायको ते लिहिताना थांबली नाही, म्हणजे तिने हिशोब आधीच करून ठेवला होता.

हिंजवडी_रोड

मग उत्तर शोधायची एक वाट सुचवतो. नोकरी न सोडता करता येईल.

येत्या ऑफ सीझनमध्ये हा प्रोग्राम तुमच्याशिवाय चालेल असा करा. नवीन काही जोडू नका. नावे बदला, शून्य आले तर काय ते ठरवा, चुकीचा आकडा टाकताना अडवा, बॅकअप, आणि दुसऱ्याला वाचता येईल असे लिखाण. फायलींऐवजी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरा. त्याची गोष्टही तुमच्या कामाची आहे. रिचर्ड हिप अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. डेटाबेसचा सर्व्हर बंद असला की त्यांचा प्रोग्रामही अडायचा आणि दोष त्यांच्यावर यायचा. म्हणून २००० साली त्यांनी सर्व्हरच लागणार नाही असा डेटाबेस लिहिला. आज तो प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. तुम्ही पांडाज ही पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी वापरत असाल तर तीही वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये एका गुंतवणूक संस्थेत आकडेमोड करताना स्वतःच्या गरजेतून सुरू केली.

मी सांगितलेल्या कामात मजेचा भाग थोडा आहे. पण धंद्यातले काम बरेचसे असेच असते. पाच महिने ते करून पाहा. मन लागले तर पुढचे बोलू. कंटाळा आला तर हा छंद आहे हे कळेल, आणि लाख रुपये वाचतील. एआयची मदत जरूर घ्या, पण प्युरिटी ८४ च्या जागी ४८ पडली तर ती चूक आहे हे तुम्हालाच माहीत आहे, हे विसरू नका.

कोयनाकाठ

याला अनुमोदन. सोबत पदवीचेही बघा. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची बी.एस. पदवी २०२० पासून ऑनलाइन आहे. जेईई लागत नाही, चार आठवडे अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची, परीक्षा केंद्रावर जाऊन. मध्येच थांबलात तरी टप्प्याचे प्रमाणपत्र मिळते. नोकरी सांभाळून करणारे माझ्या ओळखीत आहेत.

आणि पोलब्रिक्स, माझ्या आधीच्या प्रतिसादाचा सूर कडक झाला होता. तुमची भीती खोटी आहे असे मला म्हणायचे नव्हते.

पोलब्रिक्स

धागा वर काढतोय, बऱ्याच महिन्यांनी. ज्यांनी वेळ दिला त्यांना कळवायलाच हवे.

पट्टा पडल्यावर एप्रिलपासून बसलो. पहिले दोन महिने जड गेले. लॅबच्या संगणकावर विंडोज सेव्हन आहे, त्यावर नवीन पायथन चढेना. त्यात तीन आठवडे गेले आणि दाखवण्यासारखे काही नव्हते. माझाच जुना कोड वाचताना मला तो दुसऱ्याचा वाटला. एका आठवड्यात एकदाही लॅपटॉप उघडला नाही, तेव्हा वाटले की ठरले, छंदच आहे हा.

मग जूनमध्ये आमच्या लॅबमधल्या काकांना समोर बसवले. ३१ हंगाम झालेत त्यांचे, माऊसला हात लावायला तयार नव्हते. मी काही न बोलता बघत बसलो. ते प्रत्येक आकड्यानंतर एंटर दाबत होते आणि माझा फॉर्म टॅब मागत होता. ते आधी पोल लिहितात, मग ब्रिक्स, कारण रजिस्टरमध्ये तसेच रकाने आहेत. मी उलटे लावले होते. त्या रात्री सगळे बदलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी न थांबता पूर्ण शिफ्टच्या नोंदी भरल्या आणि मान वर करून म्हणाले, "झालं?"

मला पहिल्या एसजेएमच्या रात्री जे झाले होते, तेच तेव्हा झाले. किंवा जास्तच.

हिंजवडी दादा, तुमचे उत्तर मिळाले. डीएमआर बरोबर येणे, आणि तो काकांच्या हातून बरोबर येणे. कोड त्यासाठी लागतो म्हणून आवडतो. विंडोज सेव्हनचे तीन आठवडे आवडले नाहीत, पण ते काकांसाठी होते हे आता कळल्यावर परत करीन.

प्युरिटी हद्दीबाहेर गेली की आता प्रोग्राम मराठीत विचारतो, "नक्की का?" सहा पानांची मराठी माहितीपुस्तिका छापून लॅबच्या भिंतीला लावली आहे.

निर्णय असा. राजीनामा देत नाही. पुण्याचा क्लास नाही. आयआयटी मद्रासची पात्रता परीक्षा देतोय, फी बायकोने तिच्या शिलाईच्या पैशातून भरली आणि पावती फाइलला लावली. शेजारच्या तालुक्यातल्या कारखान्याचे चीफ केमिस्ट येऊन प्रोग्राम बघून गेले, त्यांच्याकडे बसवायचे म्हणतात. पैसे किती मागायचे आणि आमच्या कारखान्याची लेखी परवानगी कशी घ्यायची, हे मला समजत नाही. कोणाला अनुभव असेल तर सांगा. दोन वर्षांनी याच कामावर घर चालावे असे मला मनापासून वाटते, आणि आता ते बोलायची भीती वाटत नाही.

अनुस्वार काका, मोडीच्या प्रोग्रामचा पहिला वापरकर्ता मी व्हायला तयार आहे. वडिलांकडे जुने कागद आहेत.

अनुस्वार

कालच फाइल उघडली. रविवारी पाठवतो.

गव्हाण

लई भारी, भावा. परवानगी आधी, पैशाचं मागाहून. साहेबांच्या सहीचं पत्र घे, तोंडी नगं. मी व्यनि (खाजगी निरोप) करतो, आमच्याकडं एका व्हेंडरला दिलेल्या कराराचा मसुदा कसा असतोय ते सांगतो.

बॅकअप कुठं ठेवतोस?

पोलब्रिक्स

एक पेनड्राइव्ह लॅबच्या कपाटात, एक घरी. बॉयलर पेटला, परवा मोळी पडतेय. पहिली शिफ्ट काकांची आहे, मी मुद्दाम रजा टाकली आहे.